चारकोपच्या गाळ्यातली रेसची गाडी

तुम्ही कधी अशी गाडी पाहिली आहे का, जिला दार नाही, छप्पर नाही, हॉर्न नाही, आरसा आहे तो पावडरच्या डबीएवढा, आणि आत बसतो तो फक्त एक माणूस?

मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिची सीट मी शिवली आहे!

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. कामातून उरलेला नट, बोल्ट, वायसर जो तो त्यात टाकतो. डबा भरत जातो आणि एक दिवस झाकण बसत नाही. माझंही तसंच झालंय. नातेवाईक भेटले की विचारतात, "काय गं सुनीता, त्या गाडीचं काय झालं?" मग मी सुरू होते आणि चहा गार होतो.

आमचं गॅरेज म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. मालक अप्पा, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, अप्पा इंजिनात पडले. बाबू कांबळे पत्र्याचे मिस्त्री. ठोकलेली गाडी त्यांच्याकडे द्या, परत घेताना कुठे ठोकली होती ते तुम्हालाच आठवणार नाही. आणि मी कुशनचं काम करते. दहावी झाल्यावर पर्सच्या कारखान्यात चामडं शिवायला शिकले, ते आज उपयोगी पडतंय.

ही गाडी आणली मुलुंडच्या एका शेठने. वाकोल्याच्या एका गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली पडली होती. दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा युरोपात पेट्रोल मोजूनमापून मिळायचं, टायर तर मिळायचेच नाहीत. तरी लोकांनी शहराच्या रस्त्यांवर कडेला गवताच्या पेंढ्या लावून मोटारींच्या शर्यती पुन्हा सुरू केल्या. ग्रां प्री म्हणतात त्याला. त्यातल्या एका अगदी सुरुवातीच्या शर्यतीत ही गाडी पळाली होती. पुढे कुठल्याशा संस्थानिकाने हौसेने इकडे आणली, आणि हौस संपल्यावर ती गोडाऊनमध्ये गेली.

शेठने पहिल्याच दिवशी अप्पांना साफ सांगितलं, "तिकडून एक जाणकार पाहुणे येणार आहेत. त्यांना तुमचं काम पटलं तर गाडी इथेच पूर्ण होईल आणि चारकोपहून थेट तिकडे जुन्या गाड्यांच्या शर्यतीत जाईल. नाही पटलं तर पेटीत भरून परदेशातल्या गॅरेजला पाठवीन. मग वाईट वाटून घेऊ नका."

अप्पांनी आयुष्यभर टॅक्स्या आणि टेम्पो दुरुस्त केले. त्या दिवशी ते गाडीच्या नाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

*

आमचे हे बोरिवलीला रिक्षा चालवतात. मी घरी जाऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं, "अहो, ग्रां प्रीची गाडी आलीय! तिची सीट मला करायचीय!"

यांनी जेवता जेवता विचारलं, "किती पॅसेंजर बसतात?"

"एकच."

"एकच? आणि इंजिन केवढं?"

मी हात पसरून दाखवलं.

हे पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मग बंदच पडणार ना धंदा! म्हणून गोडाऊनमध्ये होती."

*

गाडीबरोबर एक जुना फोटो आला होता. त्यात ही गाडी शर्यत संपवते आहे. पण कशी? शेवटच्या वळणावर इंजिन बंद पडलं म्हणून ड्रायव्हर स्वतः खाली उतरून तिला ढकलत रेषेपलीकडे नेतोय! घामाघूम झालाय, तोंड काळं झालंय, आणि बाजूला माणसं टोप्या उडवतायत.

शेठने आम्हाला तो फोटो मोबाइलवर दाखवला. मला तर गहिवरून आलं. एवढ्या लांबचा माणूस, पण ढकलणं कसं अगदी ओळखीचं!

कांबळेभाऊ फोटोकडे बघत म्हणाले, "शेठ, उगाच घाबरवलंत. ही तर आपल्यातलीच निघाली!"

*

अप्पांचं पोट थोडं पुढे आहे. थोडं म्हणजे, बोनेटवर वाकले की आधी पोट इंजिन बघतं आणि मग अप्पा बघतात.

पेडल नीट लागतात का ते बघायला अप्पा एकदा गाडीत उतरले. ती जागा म्हणजे नुसती बादली. त्या काळचा ड्रायव्हर काडीसारखा असणार. अप्पा कसेबसे आत गेले. मग कांबळेभाऊंनी वरून स्टिअरिंग बसवून दिलं आणि नट आवळला. पेडल झकास लागत होते. अप्पा खूश.

"चल बाबू, हात दी."

कांबळेभाऊंनी हात दिला. अप्पा हललेच नाहीत. मी दुसरा हात धरला. तरी नाही! आता मात्र आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

"मेल्या, हसतंस काय? माका आधी भायर काढ!"

"अप्पा, स्टिअरिंग काढलं की सुटाल. पाना कुठे ठेवलात?"

अप्पांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा पडला. पाना त्यांच्या पँटच्या मागच्या खिशात होता. आणि त्याच्यावर अप्पा बसले होते!

तेवढ्यात अप्पांच्या घरून काकींचा फोन आला. मीच उचलून त्यांच्या कानाला लावला. काकी विचारत होत्या, "अहो, जेवायला येताय ना? मासे तळलेत."

अप्पा शांतपणे म्हणाले, "माशे झाकून ठेव. मी शर्यतीत आसंय."

शेवटी शेजारच्या गाळ्यातून दुसरा पाना आणला. बाहेर आल्यावर अप्पांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? माझ्याकडे वळून म्हणाले, "सीट बरी झाली हां, बाय. मऊ आसा."

*

त्या काळच्या रेसच्या इंजिनात एरंडेल घालायचे, हे आम्हाला शेठने सांगितलं. अप्पांना आधी खोटंच वाटलं. लहानपणी आई नाक दाबून पाजायची ते एरंडेल? तेच! इंजिन तापलं तरी ते पातळ होत नाही म्हणे.

तेलाच्या कारखान्यातून डबा यायला वेळ होता आणि अप्पांना धीर नव्हता. त्यांनी कांबळेभाऊंना कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे पिटाळलं. भाऊंनी काउंटरवर सांगितलं, "एरंडेल. आहेत तेवढ्या सगळ्या बाटल्या द्या."

मेडिकलवाला बघतच राहिला. "सगळ्या? भाऊ, घरात किती जणांना त्रास आहे?"

"एकीलाच आहे. पण ऐंशीच्या घरातली म्हातारी आहे आणि वर्षानुवर्षं पोट साफ झालेलं नाही!"

मेडिकलवाल्याने बाटल्या दिल्या. वर एक ओआरएसचं पाकीट काळजीपोटी फुकट दिलं.

*

आता कांबळेभाऊंचा किस्सा. हा सांगताना ते समोर असले तर उठून बाहेर जातात, म्हणून ते नसताना सांगते.

गाडीच्या मागच्या निमुळत्या भागाला डाव्या बाजूला एक पोचा होता. पसरट, उथळ, भाकरी थापताना मध्ये तळहात टेकावा तसा. भाऊंचा स्वभाव असा की पोचा दिसला की हात शिवशिवतात. लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे पोचे मोजत बसतात. एका रविवारी ते एकटेच गाळ्यावर आले आणि आम्हाला सरप्राइज म्हणून त्यांनी तो पोचा काढला. सोमवारी पाहिलं तर पत्रा आरशासारखा! मी तर टाळ्याच वाजवल्या.

दुपारी शेठ आले, मागे गेले आणि ओरडले, "पोचा कुठे आहे?"

भाऊ छाती काढून म्हणाले, "काढला!"

शेठ मटकन स्टुलावर बसले. त्यांनी मोबाइलवरचा तोच फोटो मोठा करून दाखवला. ढकलणाऱ्या ड्रायव्हरच्या हाताशेजारी तो पोचा स्पष्ट दिसत होता. शर्यतीत दुसऱ्या गाडीचं चाक घासून पडलेला. शेठ म्हणाले, "अहो, हीच ती गाडी असं पाहुणे या पोच्यावरूनच ओळखणार होते. वाट लागली!"

अप्पांनी हळूच विचारलं, "बाबू, परत घालूक येतलो?"

भाऊ गुळगुळीत पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "अप्पा, आयुष्यभर पोचे काढले. घालायचं कुणी शिकवलंच नाही!"

पण दुसरा इलाजही नव्हता. फोटो मोठा करून छापून आणला. मी तो हातात धरून उभी राहिले. भाऊंनी लाकडी हातोडी उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. एकदा तर डोळे मिटून मारली, ती त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही सगळे बाहेर जा. हे काम चारचौघांत करण्यासारखं नाही."

आम्ही बाहेर उभे. आतून एकेक ठोका ऐकू यायचा आणि मध्ये मोठी शांतता. बऱ्याच वेळाने शटर वर गेलं. आत जाऊन पाहिलं आणि फोटो शेजारी धरला. तोच पोचा! तीच कड, तोच उतार. मला नाही वाटत दुसऱ्या कुणाला जमलं असतं.

"भाऊ, कमाल केलीत!"

भाऊ रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "कुणी विचारलं कुणी घातला, तर माझं नाव सांगू नका."

पण खरी शिक्षा पुढेच होती. इस्टेटमधले सगळे मिस्त्री गाडी बघायला यायचे, फेरी मारायचे, वाहवा करायचे. आणि जाता जाता भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून प्रत्येक जण हळूच सांगायचा, "बाबू, काम एक नंबर! फक्त मागे एक पोचा राहिलाय बघ तुझा."

*

रंगाला गाडी टेम्पोवरून न्यायची होती. वाटेत हलू नये म्हणून कुणीतरी आत बसून हाताचा ब्रेक ओढून धरायला हवा होता. अप्पांचं नाव कुणी काढलंच नाही. कांबळेभाऊ बसले.

कांदिवलीच्या सिग्नलला टेम्पो अडकला. वर उघड्यावर ती लांब नाकाची गाडी आणि आत गॉगल लावलेले कांबळेभाऊ! रिक्षावाले मान बाहेर काढून बघतायत, दुकानातून लोक बाहेर आलेत, मोबाइल वर झालेत. भाऊ आधी लाजले. मग हळूच एक हात वर केला. मग दोन्ही केले. मी टेम्पोत पुढे बसले होते, मी ओरडले, "भाऊ, ब्रेक! ब्रेक!"

शेजारच्या स्कूटरवर एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या. ती मुलगी ओरडून म्हणाली, "काका, जिंकलात का?"

भाऊ म्हणाले, "नाही गं बाळा, अजून चालू आहे!"

*

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस आमच्या इस्टेटमध्ये कोणीच विसरणार नाही. हिला स्टार्टर नाही. धक्काच मारावा लागतो. प्लास्टिकच्या गाळ्यातली पोरं, डबे बनवणारे, खाकऱ्याच्या कारखान्यातल्या बायका, सगळे ढकलायला आले. "गणपती बाप्पा" कुणी म्हटलं कुणास ठाऊक, "मोरया"ला सगळ्यांनी जोर लावला आणि गाडी अशी काही गर्जली की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. एक्झॉस्टमधून निळा धूर आला आणि सगळ्या गल्लीला एरंडेलाचा वास. तो आवाज मी कशासारखा सांगू? मोठ्या विसर्जनाचे सगळे ढोल एकाच ठोक्यावर यावेत, तसा.

अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाले, "धूर गेलो डोळ्यात." धूर दुसऱ्या बाजूला जात होता!

आणि अचानक सगळ्या इस्टेटमधली मशिनं बंद. पंखे बंद. दिवे बंद. काय झालं म्हणून बघतो तर वॉचमन चौधरी लाकडी काठी घेऊन मेन स्विचसमोर उभा. त्याला वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला! त्याने धावत जाऊन सगळ्यांची लाइट बंद केली होती.

सगळे त्याच्यावर धावून गेले, पण अप्पांनी त्याला मिठी मारली. म्हणाले, "अरे, पाहुण्यांका हेच सांग! ट्रान्सफॉर्मरएवढो आवाज आसा म्हणून!"

*

आणि मग पाहुणे आले.

शेठने तारीख ठरवली होती, पण ठरवताना कॅलेंडर बघितलं नव्हतं. ती निघाली खंडेनवमी! आमच्या गॅरेजात खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, पुसून, फळीवर मांडून त्यांची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी एकही हत्यार उचलायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवायची आणि मगच कामाला हात. कांबळेभाऊ बौद्ध आहेत, ते पूजेला बसत नाहीत, पण हातोडी तेही उचलत नाहीत. "पूजा तुमची," म्हणतात, "पण सुट्टी माझ्या हातोडीचीपण!"

शेठ पाहुण्यांना घेऊन आले, आणि मागून एक टेम्पो आला. त्यात मोठी लाकडी पेटी. गाडीच्या मापाची. आम्ही ती पेटी बघितली आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पाहुणे सत्तरीचे असतील. उंच, पांढरे केस, फार कमी बोलणारे. अप्पांची मुलगी स्नेहा कॉलेजात शिकते, ती दोन्हीकडचं बोलणं सांगत होती. पाहुण्यांनी गाडीभोवती फेरी मारली. माझ्या सीटवरून हात फिरवला, टाके बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला तेवढं अजून महिनाभर पुरेल!

ते मागे आले आणि पोच्यावर त्यांनी बोटं टेकवली. अप्पांनी स्नेहाला सांगितलं, "खरा काय ता सांग त्यांका." तिने सगळं सांगितलं. काढला कसा, घातला कसा. कांबळेभाऊ जमिनीकडे बघत उभे.

पाहुण्यांनी खिशातून चष्मा काढला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फरक एवढाच आहे. तो घाईत पडला होता. हा जपून घातलाय."

स्नेहाने सांगितलं आणि भाऊंनी महिन्याभरानंतर पहिल्यांदा पोच्याकडे सरळ पाहिलं.

मग पाहुणे म्हणाले, "आता सुरू करून दाखवा."

प्लग साफ करायला काढून ठेवले होते. ते बसवायचे तर पाना हवा, आणि पाना पूजेत! अप्पा म्हणाले, "आज नाय."

शेठना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"आज हत्यारां बसली हत. उद्या सकाळी."

"अप्पा, उद्या दुपारी त्यांचं विमान आहे! मी पेटी घेऊन आलोय, दिसत नाही का? आज सुरू झाली नाही तर ती आत्ताच पेटीत जाईल. एक पाना उचलायला काय होतंय?"

ती गाडी अप्पांना किती हवी होती, ते मला माहीत होतं. कांबळेभाऊंना माहीत होतं. अप्पांनी फळीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "शेठ, ह्यांनी वर्षभर माका खायला घातलां. माझ्या वडलांनी गिरणीत हेच केला, मी हेच करतंय. एक दिवस बसूक मागतत. पेटीत भरायची तर भरा."

शेठ लालबुंद झाले. पाहुण्यांनी स्नेहाला विचारलं, "काय म्हणतायत ते?"

ती बिचारी घाबरत घाबरत सगळं सांगत गेली. पाहुणे ऐकत होते आणि फळीकडे बघत होते. एकेका हत्यारावर कुंकवाचं बोट, एकेक फूल. शेवटी त्यांनी विचारलं, "इथे कुठली हत्यारं ठेवतात?"

स्नेहाने अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "ज्यांच्यावर आपण जगलो ती."

पाहुण्यांनी आपली बॅग उघडली. आतून कापडात गुंडाळलेला एक छोटा पाना काढला. जुना, धरून धरून गुळगुळीत झालेला. म्हणाले, "हा माझ्या वडिलांचा. ते अशाच गाड्यांचे मिस्त्री होते. याला आजवर कुणी सुट्टी दिलेली नाही."

मग त्यांनी बूट काढले, पुढे झाले आणि आमच्या हातोडीशेजारी तो पाना ठेवला. मी पुढे होऊन त्याला कुंकू लावलं. कांबळेभाऊंनी एक झेंडूचं फूल उचललं आणि त्याच्यावर ठेवलं. काकींनी प्रसादाची वाटी पाहुण्यांच्या हातात दिली. शेठ दारातच उभे होते. त्यांच्याकडे वळून पाहुणे म्हणाले, "मग उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पूजा हलवली, पाहुण्यांनी आपल्या पान्याने प्लग बसवले, गाडी तिसऱ्या धक्क्याला सुरू झाली, आणि शेठचा टेम्पो रिकामी पेटी घेऊन परत गेला.